दोन चॅम्पियनांच्या दंडांची तुलना कशी करायची

शरीरसौष्ठव स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलावर माझ्या शेजारी कोणी नवा माणूस येऊन बसला, की त्याला मी आधी एकच गोष्ट सांगतो. ‘फ्रंट डबल बायसेप्स’, म्हणजे समोरून दोन्ही हात वाकवून दंड दाखवायची पोझ, अशी घोषणा झाली की पहिले दोन-तीन सेकंद बेटकुळीकडे बघायचं नाही. सगळं सभागृह तिकडेच बघत असतं, शिट्ट्या तिच्यासाठीच वाजतात आणि आपला डोळाही आपोआप तिकडेच धावतो. त्याला आवरायचं आणि कोपरावर आणायचं. कोपरापासून काखेपर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढायची. रेघेच्या वर दिसतो तो बायसेप्स, खाली झुकलेला दिसतो तो ट्रायसेप्स. मग स्वतःला विचारायचं: दोघांपैकी कोणाचा खालचा भाग जास्त भरलेला आहे?

मी पेशाने चित्रकलेचा शिक्षक. मानवाकृती शिकवताना एक चूक मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. मुलं वाकवलेला हात काढतात तेव्हा वरचा उंचवटा डोंगरासारखा काढतात आणि खालची रेघ पट्टीने मारल्यासारखी सपाट ठेवतात. मग तो हात खरा वाटत नाही, कारण दंडाचा मोठा हिस्सा बायसेप्सचा नसतोच, तो मागच्या ट्रायसेप्सचा असतो. १६ वर्षांपूर्वी पहिल्यांदा परीक्षक म्हणून बसलो तेव्हा मला वाटलं होतं की माझा डोळा तयारच आहे. तसं नव्हतं. कागदासमोर बसवलेल्या मॉडेलच्या शेजारी त्याच तोडीचा दुसरा हात नसतो, तो दहा सेकंदांत खाली येत नाही आणि आपल्या पाठीमागे माणसं ओरडत नसतात.

पहिल्याच वर्षी चुकलो. शेवटच्या तुलनेत दोघे उरले होते, क्रमांक ७ आणि क्रमांक १२. बाराच्या उजव्या दंडाला असं टोक होतं की हात वर गेल्याबरोबर मी त्याला पहिला लिहून टाकला. टिपण्णीत दोनच शब्द लिहिले, ‘हात सरस’. बाकीच्या सर्वांनी ७ ला पहिला दिला होता. बेरीज करताना सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळतात, त्यात माझा आकडा गेला आणि ते योग्यच झालं. कार्यक्रम संपल्यावर १२ क्रमांकाचा मुलगा माझ्याजवळ आला. स्टेजसाठी अंगाला लावलेला रंग अजून पुसलेला नव्हता, गळ्यात टॉवेल होता. म्हणाला, ‘‘सर, हातात तर मीच होतो ना? मग कमी कुठे पडलो?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘हात सरस’ एवढ्यातून त्याला मी काय सांगणार होतो?

त्या रात्री स्पर्धेचे फोटो समोर घेऊन बसलो. पाठीमागून काढलेल्या फोटोत सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याचा डावा दंड उजव्यापेक्षा लहान होता, ट्रायसेप्सचा काखेकडचा भाग तर रिकामाच होता. बाजूच्या दोन्ही पोझ त्याने उजवीकडून दिल्या होत्या. लपवलं होतं असं मी म्हणणार नाही, आपली चांगली बाजू दाखवणं हा प्रत्येक स्पर्धकाचा हक्कच आहे. ती दुसरी बाजू शोधणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. पुढे जे लिहितो आहे ते त्या रात्रीपासून जमवत आणलेलं आहे.

हातांना वेगळे गुण नसतात

हे आधी स्पष्ट व्हायला हवं. शरीरसौष्ठवात परीक्षक दंडाला इतके, पाठीला इतके असे गुण देत नाही. तो क्रम लावतो: पहिला, दुसरा, तिसरा. सगळ्या परीक्षकांनी दिलेल्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. त्यामुळे ‘याचे हात मोठे’ हा निकाल नाही, निकालाकडे नेणारा एक पुरावा आहे. दोन खेळाडू पाठ, मांड्या, पोट, सगळ्यात जवळपास सारखे असले तर तोच पुरावा निर्णायक ठरतो, आणि चॅम्पियनांच्या बाबतीत असं वारंवार होतं.

टेपही कोणी लावत नाही. २२ इंची दंडाची चर्चा वर्षानुवर्षं चालत आली आहे, पण टेबलावरून इंच दिसत नाहीत. दिसतो तो आकार, आणि तो हाडांच्या लांबीवर अवलंबून असतो. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाला झालेल्या मिस्टर ऑलिंपियात, म्हणजे शरीरसौष्ठवातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत, लू फेरिग्नो अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या रांगेत उभा होता. फेरिग्नोची उंची ६ फूट ५ इंच. एवढ्या लांब हाडावर चढवलेला घेर कितीही मोठा असला तरी आखूड हाडावरच्या त्याच घेराइतका गोल दिसत नाही. त्यांच्या वजनगटात अर्नोल्ड पहिला, सर्ज नुब्रे दुसरा आणि फेरिग्नो तिसरा आला. म्हणून नव्या परीक्षकांना मी सांगतो, ‘मोठा’ हा शब्द टिपण्णीत लिहूच नका. ‘भरलेला’, ‘गोल’, ‘तुटक’, ‘सपाट’ असं लिहा. म्हणजे तुम्ही नेमकं काय पाहिलं ते त्या शब्दातून कळेल.

पोझ सुरू होण्याआधी

पहिली खरी तुलना क्वार्टर टर्न्समध्ये होते. चारही बाजूंना वळून स्पर्धक हात खाली सोडून उभे राहतात. नावाला ती रिलॅक्स स्थिती, प्रत्यक्षात प्रत्येक स्नायू ताणलेलाच असतो. इथे बेटकुळी नसते, त्यामुळे डोळ्याला भुरळही पडत नाही. बाजूने बघताना मी दंडाची जाडी पुढून मागे मोजतो. पुढे बायसेप्स फुगलेला आणि मागे ट्रायसेप्स सपाट असेल तर दंड इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसतो. पूर्ण हात दोन्हीकडून फुगलेला असतो.

खांद्याचा डेल्टॉइड कुठे संपतो आणि दंड कुठे सुरू होतो, ती खाच इथेच बघून ठेवायची. चांगल्या हातात तिथे स्पष्ट घडी असते, जणू दोन वेगळे दगड एकावर एक रचले आहेत. ती घडी नसेल तर खांदा दंडात वितळून गेल्यासारखा दिसतो, मग दोन्ही कितीही मोठे असोत.

आणखी एक गोष्ट इथे फुकट मिळते. दोघेही दोन्ही बाजूंना वळतात, म्हणजे डावा आणि उजवा, दोन्ही हात तुम्हाला बाजूने दिसतात. पुढच्या साइड पोझमध्ये ही सोय नसते. तिथे प्रत्येक जण आपल्या आवडीची बाजू निवडतो. म्हणजे ‘साइड ट्रायसेप्स’मध्ये तुम्ही एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा हात शेजारी ठेवून तुलना करत असता, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. मी क्वार्टर टर्न्सच्या वेळीच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो: ‘७ डा=उ’, ‘१२ उ>डा’. १२ च्या त्या निकालात मला एवढ्याच एका ओळीची गरज होती.

फ्रंट डबल बायसेप्स

खालची रेघ बघून झाली की मग वर या. बेटकुळीत तीन वेगळ्या गोष्टी असतात, त्या एकत्र करायच्या नाहीत: उंची, लांबी आणि फट.

उंची म्हणजे टोक. लांबी म्हणजे स्नायू कोपराच्या घडीपर्यंत किती पोचतो. काहींचा बायसेप्स थेट घडीपर्यंत उतरतो, काहींचा दोन बोटं आधीच संपतो. स्नायूची ही जोडणी जन्मजात असते, व्यायामाने ती सरकत नाही. साधारणपणे आखूड स्नायूला टोक जास्त येतं आणि लांब स्नायूला भराव जास्त येतो. १९६५ आणि १९६६ साली पहिले दोन मिस्टर ऑलिंपिया किताब जिंकणाऱ्या लॅरी स्कॉटचा बायसेप्स लांब, कोपरापर्यंत भरलेला होता. रॉबी रॉबिन्सन आणि अल्बर्ट बेकल्स यांची ओळखच टोकदार शिखराने झाली. बेकल्स १९८५ च्या ऑलिंपियात ली हेनीच्या मागे दुसरा आला होता. स्कॉट आणि बेकल्स समोरासमोर उभे आहेत अशी कल्पना केली, तर कोणाचा बायसेप्स ‘चांगला’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. विचारायचं ते असं, की या आकाराला शोभेल असा ट्रायसेप्स खाली आहे का, आणि पुढे फोरआर्म, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात, तो भार पेलतो का. उंच टोकाखाली सपाट ट्रायसेप्स असेल तर ते टोकच त्या हाताचा दोष उघडा पाडतं.

फट म्हणजे बायसेप्सच्या दोन भागांमधली रेघ. ती सगळ्यांना येत नाही. आली तर स्नायू सुकलेला आहे, म्हणजे त्वचेखाली पाणी-चरबी उरलेली नाही, याची खूण आहे, नसली म्हणून लगेच दोष धरू नका.

मग मनगट. बायसेप्स हात वाकवतो तसा तो तळहात फिरवतोही, कारण त्याचं टोक हाताच्या त्या हाडाला जोडलेलं असतं जे मनगटाबरोबर फिरतं. स्वतःचा हात वाकवून तळहात खांद्याकडे वळवून बघा, बेटकुळी लगेच घट्ट होऊन वर येते. मनगट ढिलं सोडणारा स्पर्धक स्वतःच्याच बेटकुळीचं टोक कापत असतो. अशा वेळी मनात येतं, याच्याकडे आहे, फक्त दाखवता आलं नाही. दाखवलं नाही ते मोजायचं नाही. हा नियम कठोर आहे पण न्याय्य आहे, कारण शेजारच्याने ते दाखवायला कित्येक महिने आरशासमोर घालवलेले असतात.

कोपराची उंचीही बघा. कोपर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर असावं. ते फार पुढे आलं तर दंड आखूड आणि जाड भासतो, फोटोत तर जास्तच. पोझ लगेच सोडू देऊ नका. काही जणांचं टोक एका क्षणापुरतं उसळतं आणि चौथ्या सेकंदाला बसतं. दुसऱ्याचं तेवढं उंच नसतं, पण दहा सेकंद तसंच राहतं. माझ्या कार्डावर दुसरा पुढे असतो.

साइड ट्रायसेप्स

ही पोझ म्हणजे हातांची खरी परीक्षा. हात सरळ, मागून दुसऱ्या हाताने मनगट धरलेलं. ट्रायसेप्सचे तीन भाग असतात. बाहेरचा भाग घोड्याच्या नालेच्या एका बाजूसारखा उठून दिसतो, लांब भाग मागे काखेपर्यंत जातो, आणि तिसरा कोपराजवळ खाली दडलेला असतो. बाहेरचा आणि लांब यांच्यामध्ये एक खोल घळ दिसायला हवी. त्वचेखाली पाणी किंवा थोडी जरी चरबी उरली असली तरी ही घळ सर्वांत आधी बुजते. मला शरीराची कंडिशन, म्हणजे ते किती सुकलं आहे, हे तपासायचं असेल तर पोटाआधी मी इथे बघतो.

शिरांना फसू नका. दंडावर जाड शिरा दिसणं आणि स्नायू एकमेकांपासून सुटे दिसणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिरा भरपूर आणि खाली स्नायूंची सीमा पुसट, असे हात मी कितीतरी पाहिले आहेत.

दंड बरगड्यांवर दाबून तो रुंद करायची एक जुनी युक्ती आहे. दाबल्यावर मांस बाहेर पसरतं आणि हात तीन-चार बोटं जास्त रुंद भासतो. पण पसरलेला स्नायू ताणलेला नसतो, त्यावरच्या बारीक रेषा मऊ पडतात. दंडाच्या मागच्या कडेकडे बघितलं की कळतं. ताणलेल्या ट्रायसेप्सची कड तुटक, पायऱ्या-पायऱ्यांची असते. दाबलेल्याची कड गोल, एकसंध असते.

फिल हीथ आणि काई ग्रीन यांच्या लढती यासाठी पुन्हा पुन्हा बघाव्यात. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं ऑलिंपियात हीथ पहिला आणि ग्रीन दुसरा होता. हीथचे सांधे बारीक आणि स्नायू फुग्यासारखे गोल. साइड ट्रायसेप्समध्ये त्याचा हात सगळीकडून उठलेला दिसे, कोपराजवळची बारीक जागा त्या गोलाईला आणखी उठाव देई. ग्रीनचं बळ पाठीच्या जाडीत आणि एकूण भारात होतं. हीथचे खांदे अरुंद आहेत ही तक्रार नेहमी होत असे. माझ्या मते त्या भरलेल्या हातांमुळेच ती उणीव बरीचशी झाकली जात असे, कारण दंड बाहेरच्या अंगाला भरलेला असला की समोरून खांद्याची रुंदीही जास्त वाटते. म्हणजे हातांचा फायदा हातांपुरता राहत नाही. परीक्षकाने हे ओळखायचं आणि मान्यही करायचं. डोळ्याला जे दिसलं तेच स्टेजवर असतं.

बॅक डबल बायसेप्स

नवे परीक्षक इथे हात बघतच नाहीत. पाठ एवढी मोठी गोष्ट समोर असते की हात तिची चौकट होऊन बसतात. मी मात्र अटीतटीच्या लढतीत हातांचा निर्णय शेवटी याच पोझवर करतो. कारणं दोन. एक तर दोन्ही हात एकाच वेळी, एकाच उजेडात, एकाच कोनात असतात, त्यामुळे डाव्या-उजव्याचा ताळा इथेच लागतो. दुसरं म्हणजे समोरून जे झाकलेलं असतं ते मागून दिसतं. बायसेप्सचा बाहेरचा भाग दिसतो. त्याच्या आणि ट्रायसेप्सच्या मधोमध ब्रेकियालिस या बायसेप्सखालच्या स्नायूची लहानशी गाठ उठते. मागच्या डेल्टॉइडचा दंडाशी सांधा दिसतो आणि फोरआर्मची बाहेरची बाजूही. ब्रेकियालिसची ती गाठ असली की दंडाला मधला थर मिळतो, हात दोन तुकड्यांचा न वाटता विणलेला वाटतो.

इथे मी डोळे किलकिले करतो. चित्रकाराची ही सवय आहे. डोळे अर्धे मिटले की बारीकसारीक रेषा, शिरा, रंगाची चमक गायब होते आणि फक्त उजेड-सावलीचे मोठे आकार उरतात. दोन्ही स्पर्धकांचे हात मग काळ्या-पांढऱ्या ठशांसारखे दिसतात. कोणाचा डावा ठसा लहान आहे, कोणाचा फोरआर्म दंडाच्या मानाने काडीसारखा आहे, हे एका क्षणात कळतं. मग डोळे पूर्ण उघडायचे आणि रेषा बघायच्या. आधी आकार, मग रेषा. हा क्रम उलटा केला की कटिंगच्या नादात तोल सुटतो.

बाकीच्या पोझमध्ये हातांसाठी फार वेळ घालवू नका. पोट-मांडीच्या पोझमध्ये हात डोक्यामागे जातात तेव्हा ट्रायसेप्सचा लांब भाग ताणलेला दिसतो, त्यावर एक नजर पुरते. मोस्ट मस्क्युलरमध्ये, म्हणजे सगळे स्नायू एकदम आवळायच्या पोझमध्ये, फोरआर्म बघा.

फोरआर्म आणि सर्जिओ ऑलिव्हा

फोरआर्मला परीक्षक सर्वांत कमी वेळ देतात. ते चूक आहे हे समजायला ऑलिव्हाचे फोटो पुरेसे आहेत. १९६७, १९६८ आणि १९६९ असे सलग तीन ऑलिंपिया त्याने जिंकले, त्यातल्या १९६९ च्या स्पर्धेत अर्नोल्डला हरवून. १९७० मध्ये अर्नोल्ड जिंकला आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या एसेनला दोघे पुन्हा समोरासमोर आले. किताब अर्नोल्डकडे राहिला, पण त्या निकालावर लोक आजही भांडतात.

त्या दोघांच्या हातांची तुलना मी शिकवण्यासाठी वापरतो, कारण त्यात दोन वेगळे आदर्श समोर येतात. अर्नोल्डकडे बायसेप्सची उंची होती, त्या टोकावर उजेड पडला की सावली धारदार पडे. ऑलिव्हाकडे कोपराच्या दोन्ही बाजूंना भराव होता. त्याचा फोरआर्म इतका जाड की दंड आणि फोरआर्म एकमेकांत मिसळत जात, मध्ये रिकामी जागाच नसे. दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं वळवणारी त्याची पोझ आजही लोक आठवतात, आणि तिथे त्याला तोड नव्हती. पण ती त्याची स्वतःची पोझ. आजच्या आठ सक्तीच्या पोझमध्ये ती नाही. परीक्षक म्हणून हात तोलायचे ते दोघांनी एकाच वेळी दिलेल्या एकाच पोझमध्ये. एकाची स्वतःच्या पसंतीची पोझ आणि दुसऱ्याची सक्तीची पोझ शेजारी ठेवून कधीच निवाडा करू नका. जुने फोटो बघतानाही हेच पाळा. दोघे एकाच फ्रेममध्ये असतील तोच फोटो खरा. वेगवेगळ्या अंतरांवरून काढलेले दोन फोटो जोडून केलेली तुलना बाजूला ठेवा.

हात कुठे थांबतात

१९९४ च्या ऑलिंपियाआधी डोरियन येट्सचा डावा बायसेप्स सरावात फाटला. तसाच तो स्टेजवर आला आणि जिंकला. १९९७ मध्ये ट्रायसेप्सला इजा असताना त्याने सहावा किताब घेतला. दोन्ही वेळा हात त्याची उणी बाजू होते हे कोणालाही दिसत होतं. तरी पाठीची जाडी आणि कंडिशन यांत त्याचं पारडं जड ठरलं. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, माझ्यासाठी यातला उपयोगाचा धडा एवढाच की हातातली खोट लिहायची, तिचं वजनही लिहायचं, पण तिच्यापायी बाकीचं शरीर पुसून टाकायचं नाही.

उलटंही होतं. १९७९ च्या ऑलिंपियात माइक मेंट्झर वजनदार गटात जिंकला, त्याचे दंड आणि फोरआर्म जाडजूड होते. एकंदर किताबासाठी मात्र फ्रँक झेन त्याच्यापुढे गेला. झेनचे हात बारीक होते, पण खांद्यापासून मनगटापर्यंत एकच वाहती रेघ होती आणि ती बाकीच्या शरीराशी जुळत होती.

जागा, उजेड, रंग

टेबलाच्या टोकाला बसलात तर तुमच्या बाजूचा हात मोठाच दिसणार. यावर उपाय एकच, मुख्य परीक्षकांना दोघांची जागा बदलायला सांगा. यात संकोच करायचा नाही. मधल्या दिव्याखाली उभ्या असलेल्याची बेटकुळी वरच्या उजेडाने जास्त कोरलेली दिसते, कडेला उभ्या असलेल्याची चपटी. जागा बदलल्यावर जो फरक टिकतो तोच खरा. काखेत आणि कोपरात साचलेला रंगही खोटी सावली तयार करतो, ती स्नायूची घळ समजू नका. हात हलला की घळ हलते, रंगाचा डाग आकार बदलत नाही.

एक गंभीर गोष्ट. काही जण दंडात तेल टोचून तो फुगवतात. तसा हात ओळखता येतो. खरा स्नायू आवळला की आकार बदलतो, सोडला की पुन्हा बदलतो, त्यावर रेषा उमटतात. टोचलेला भाग आवळताना आणि सोडताना तसाच गुळगुळीत राहतो, उंचवटा स्नायूच्या जागी नसून कुठेतरी भलतीकडे असतो. असा हात मी कधीही वर धरत नाही. तो मुलगा आपला दंड, कधी कधी आपला जीवही धोक्यात घालत असतो, आणि परीक्षकाने त्याला बक्षीस दिलं तर पुढच्या वर्षी आणखी दहा जण सुई उचलतील.

टिपण्णी

पोझ बदलताना वीसेक सेकंद मिळतात. मी प्रत्येक जोडीसाठी चार अक्षरं लिहितो. ‘खा’ म्हणजे खालची रेघ, ‘टो’ म्हणजे टोक, ‘फो’ फोरआर्म, ‘ता’ डाव्या-उजव्याचा ताळा. प्रत्येकापुढे ज्याची बाजू वरचढ त्याचा क्रमांक. फरक नगण्य असेल तर आडवी रेघ. उदाहरणार्थ ‘खा ७, टो १२, फो –, ता ७’. बस. एवढं असलं की ‘हात सरस’ असं मोघम लिहायची वेळ येत नाही.

शेवटी, कार्ड देण्याआधी एक करून बघा. पेन्सिल उभी धरून एकेका स्पर्धकाचे हात डोळ्यासमोरून झाका, आधी एक बाजू, मग दुसरी. फक्त धड आणि पाय बघून क्रम लावा. मग पेन्सिल काढा. क्रम बदलला का? नसेल तर हातांवर आणखी डोकं शिणवू नका. बदलला असेल, तर निकाल हातांनी ठरतो आहे. मग ‘बॅक डबल बायसेप्स’ पुन्हा मागवा आणि ताळा परत बघा.

गेल्या वर्षी अशाच एका तुलनेनंतर दुसरा आलेला मुलगा माझ्याजवळ आला. बराच वेळ घुटमळला, मग विचारलं, ‘‘सर, हातांत मी मागे होतो का?’’ मी कागद उलगडला. टोक त्याचं होतं, ते सांगितलं. खालची रेघ आणि ताळा समोरच्याचा होता, तेही सांगितलं. डाव्या ट्रायसेप्सचा काखेकडचा भाग बोटाने दाखवला आणि म्हटलं, पाठीमागून पोझ देतोस तेव्हा डावं कोपर खाली येतं, तेवढ्याने तो आणखी लहान दिसतो. त्याने तिथेच उभ्या उभ्या दोन्ही हात वर केले, मान वळवून डाव्या कोपराकडे बघितलं आणि ते दोन बोटं वर उचललं. म्हणाला, ‘‘असं?’’ मी म्हटलं, ‘‘अजून थोडं.’’